डोळे दिपणे : वाक्यात उपयोग करा

लातूरला आम्ही जिथं खोली केली होती, त्या रस्त्यावर ‘नेत्रदीपक’ हा शब्द नसलेली भिंत सापडणं अवघड होतं. रसवंतीच्या ताडपत्रीवर, झेरॉक्सच्या दुकानावर, अगदी विजेच्या डीपीवरसुद्धा कुणाचं ना कुणाचं नेत्रदीपक यश चिकटवलेलं असायचं. खाली फेटे बांधलेली पोरं, वर हाताची घडी घातलेले सर. पहिल्या दिवशी टेम्पोतून गॅस, गाद्या आणि पिठाचा डबा घेऊन त्या रस्त्यानं येताना माझी मुलगी ते सगळे चेहरे बघत होती आणि मी शब्द वाचत होते. माझी सवयच तशी. हिमायतनगरला एका खाजगी शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं होतं, आणि ‘डोळे दिपणे’ हा वाक्प्रचार परीक्षेला हटकून यायचा. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

गाईडात अर्थ दिलेला असायचा : थक्क होणे. वाक्यही दिलेलं असायचं : ताजमहाल पाहून आमचे डोळे दिपले. वर्गातल्या एकानंही ताजमहाल पाहिलेला नव्हता, मीही नव्हता पाहिला, पण सगळ्यांचे डोळे दरसाल दिपायचे आणि मी दरसाल पूर्ण मार्क द्यायचे.

खरं तर या शब्दाचा अर्थ मला गाईडाच्या कितीतरी आधी कळला होता. लहानपणी दिवेलागणीला वडिलांबरोबर मी बैलगाडीतून शेतातून परत यायची. गाडी डांबरी रस्त्याला लागली, की कधीतरी समोरून ट्रक यायचा. त्याचे दिवे तोंडावर पडले, की आमचा एक बैल जागच्या जागी उभा राहायचा. पुढं नाही की मागं नाही. मला वाटायचं तो घाबरला. वडील खाली उतरायचे, आपला पंचा त्याच्या डोळ्यांवर धरायचे आणि म्हणायचे, “घाबरलं न्हाई ते, दिपलंय. दिपलेल्याला दिसत न्हाई, त्याला वढायचं नसतंय.” ट्रक निघून गेला की बैल जरा वेळ डोळे मिचकावायचा आणि चालायला लागायचा. हा अर्थ मी वर्गात कधी सांगितला नाही. त्याला मार्क नव्हते.

आमच्याकडं पोरगं दहावीला बऱ्यापैकी निघालं, की घरात एकच विषय असतो : लातूर. होस्टेलवर ठेवायचं की खोली करायची. ज्याला जमतं तो खोली करतो. म्हणजे नवरा गावाकडं दुकान नाहीतर नोकरी सांभाळणार आणि बायको दोन वर्षं लातूरला एका खोलीत पोराच्या उशाशी बसणार. मी शाळा सोडली, माझ्या नवऱ्यानं खताबियाण्याचं दुकान आणि स्वतःचा स्वयंपाक दोन्ही गळ्यात घेतलं, आणि आम्ही मायलेकी लातूरकर झालो. आमची अख्खी बिल्डिंग आयांचीच होती. पुरुषमाणसं शनिवारी एसटीनं ज्वारी आणि भाजीपाला घेऊन यायची, पाहुण्यासारखी संकोचून बसायची आणि रविवारी दुपारी परत जायची.

तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. गावावरनं ओळख. वरच्या मजल्यावर मुरुडची, तिचं गाव इतकं जवळ, पण पोराचा जाण्यायेण्यात वेळ जाऊ नये म्हणून तिनंही खोली केलेली. मी हिमायतनगरची. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून उमरीची. ती माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. ती मला बाई म्हणायची, मी शाळेत होते म्हणून. अख्ख्या मजल्यावर नांदेड जिल्ह्यातल्या आम्ही दोघीच. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात आमचं गूळपीठ जमलं. तिचीही मुलगीच, माझीही मुलगीच, दोघी एकाच वर्गात.

अक्कानं माझ्यासाठी काय केलं नाही ते विचारा. मी तापानं फणफणले तेव्हा माझ्या पोरीचा डबा, माझी पेज, माझ्या अंगावरचं पांघरूण, सगळं तिनं बघितलं. सांधे इतके धरले होते की मला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. ती रोज सकाळी येऊन माझी वेणी घालून जायची. सख्खी बहीण करायची नाही इतकं तिनं केलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल, की माणूसच तसलं होतं आणि हिला ओळखता आलं नाही.

आम्ही सगळ्या ज्यांच्यासाठी लातूरला आलो होतो, ते भौतिकशास्त्राचे सर. तरुण होते, लग्न व्हायचं होतं. पहिल्या पालकसभेला त्यांनी आम्हा आयांना पोरांच्या बाकांवर बसवलं आणि विचारलं, “भाकरी का फुगते?” सगळ्या हसल्या. मग एकीनं सांगितलं, पीठ ताजं असलं तर. दुसरीनं सांगितलं, उकडीचं पाणी कडक असलं तर. सर एकेक उत्तर फळ्यावर मांडत गेले. भाकरीतल्या वाफेवरनं ते कुकरच्या शिट्टीवर आले, शिट्टीवरनं सायकलच्या पंपावर, आणि शेवटी फळ्यावर एक सूत्र उभं राहिलं. त्या सूत्रातलं प्रत्येक अक्षर आमच्या चुलीवरनं आलेलं होतं. मी मराठीची एम.ए.; दहावीनंतर गणिताकडं पाठ फिरवलेली बाई. जन्मात पहिल्यांदा मला एक सूत्र आतून कळलं. शेजारी अक्का पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, “काय की माय, माझे तर डोळेच दिपले.”

माझ्यातल्या मास्तरणीनं तिला मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले. ताजमहाल नाही, पाठांतर नाही, स्वतःचं वाक्य.

हा माणूस असामान्य होता, हे मी आजही नाकारणार नाही. त्यानं शिकवायला सुरुवात केली की वर्गाबाहेर उभे असलेले शिपाईसुद्धा आत डोकवायचे. एखादं अवघड गणित सांगताना तो फळ्याकडं न बघता लिहायचा आणि उत्तर येण्याआधी पोरांकडं बघून गालात हसायचा. त्याच्या बुद्धीचा उजेड खरा होता. खोट्या उजेडाला आम्ही फसलो असतो, तर निदान शहाणपण आलं म्हणून समाधान तरी मानलं असतं.

पूर्वी गरीब विद्यार्थी शिकायला शहरात आला, की गावातली घरं त्याला वार लावून द्यायची. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी. आमच्या बिल्डिंगनं हे उलटं केलं. सर खानावळीत जेवून पोट बिघडवून घेतात हे कळल्यावर आम्ही सरांना वार लावले. रोज एकीचा डबा. माझा वार रविवार. येसराची आमटी, भाकरी, शेंगाची चटणी, कधी धपाटे आणि दही. माझ्याकडं दोन डबे होते. त्यातला एक माहेरचा, वडिलांचं नाव कोरलेला. एक भरलेला जायचा, मागच्या वेळचा रिकामा परत यायचा.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते सांगते. माझी मुलगी जीवशास्त्रात हुशार होती. चित्रासकट पान डोळ्यांपुढं उभं राहायचं तिच्या. पण भौतिकशास्त्र डोक्यावरनं जायचं. बारावीच्या सुरुवातीच्या चाचणीत त्या एका विषयानं तिला खाली ओढलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मला हवं होतं म्हणून नव्हे, तिला व्हायचं होतं. मी सरांना भेटायला गेले. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, “मावशी, ती आता तुमची मुलगी नाही, माझी आहे. रविवारी दुपारी खोलीवर पाठवत चला. तिचं फिजिक्स माझ्याकडं लागलं.” आणि हसून म्हणाले, “तुमचा वारही रविवारच आहे.”

मी हवेतच खोलीवर आले. अक्काला सांगितलं, तर ती म्हणाली माझीलाबी सोबत जाऊ दे, एकीला दोघी. मी म्हटलं बरंच झालं. पोरींना एकट्यानं पाठवायचं नाही म्हणून अक्का दोघींना घेऊन जायची, बाहेर गॅलरीत बसायची, तास संपला की घेऊन यायची. मी खोलीवर डबा करायची, तो डबाही अक्काच न्यायची. मी एकदाही गेले नाही. रविवारी माझा नवरा गाडीला निघायचा असायचा, त्याचं जेवण, त्याची पिशवी. शिवाय अक्का होती की.

गणपती झाले, दिवाळी झाली. रविवार चालू होते आणि मार्क होते तिथंच होते. मी मुलीला विचारायची, आज काय शिकवलं? ती म्हणायची, चांगलं शिकवलं. त्यापुढं अक्काच सांगायची, की आज सरांनी काय सुंदर समजावलं, कशी दोघींना उदाहरणं घालून दिली. दिवाळीनंतरच्या चाचणीत पुन्हा तेच झालं तेव्हा माझा तोल गेला. मी मुलीला नको ते बोलले. म्हटलं, सर त्यांचा रविवार तुझ्यावर घालून राहिलेत, अक्का घरची कामं टाकून तुला नेऊन राहिली, आणि तुझं डोकं कुठं असतं? ती मान खाली घालून ऐकत राहिली. अक्का तिथंच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, “जाऊ द्या की बाई. येईल हळूहळू.”

त्या शेंगा फोडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

संक्रांत झाली. आम्ही सगळ्यांनी एकमेकींच्या खोलीत हळदीकुंकू केलं, तिळगूळ दिले. त्याच आठवड्यात शनिवारी अक्का म्हणाली, सासूला बरं नाही, पोरीला घेऊन उमरीला जाऊन येते. गाद्यासुद्धा बांधलेल्या बघून मी विचारलं, इतकं सामान? ती म्हणाली, गावाकडं थंडी लई हाय. मी वाटेत खायला धपाटे बांधून दिले. रिक्षात बसण्याआधी तिनं मला धरलं आणि रडली. “तुमच्यासारखी माणसं मिळत न्हाईत बाई,” म्हणाली. सासूच्या काळजीनं हळवी झाली असं मला वाटलं. मी तिची समजूत घातली. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, होईल बरं, तुम्ही पोरीचा अभ्यास बुडू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी रविवार. अक्का नाही, म्हणून डबा घेऊन पोरीबरोबर मी निघाले. पोरगी चप्पल घालेना. पोटात दुखतंय म्हणाली. मी म्हटलं बरं, तू पड, मी डबा देऊन येते आणि तास पुढं ढकलायला सांगते. सरांची खोली दोन गल्ल्या पलीकडं, वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना. वर गेले तर कुलूप. खालच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. तिनं मला आणि डब्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“सर नांदेडला गेले की. तिकडं नवा क्लास निघालाय, त्यांच्या नावाचा,” ती म्हणाली. “तुमच्याच बिल्डिंगमधल्या बाई आल्या होत्या की काल सामान बांधायला. त्या उमरीच्या. तुम्हाला ठाव न्हाई?”

मी म्हटलं, ठाऊक आहे. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. इतक्या वेळात मला एवढंच सुचलं, की या परक्या बाईसमोर मला काही माहीत नव्हतं असं दिसायला नको. डबा घेऊन मी परत आले. येसराचा वास पिशवीतून येत होता आणि वाटेतल्या प्रत्येक भिंतीवर कुणाचं तरी नेत्रदीपक यश होतं.

मुलगी खाटेवर बसूनच होती. पोटात दुखत नव्हतंच. मी कुलपाचं सांगितल्यावर ती दचकली नाही. म्हणाली, सर जाणार हे तिला माहीत नव्हतं, पण सरांनी तिला कधीच सोडलं होतं हे माहीत होतं. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. पहिल्या दोनतीन रविवारी सरांनी दोघींना बसवलं. नंतर ते म्हणाले, दोघींची गती वेगळी आहे, तू जरा बाहेर थांब, हिचं झालं की तुला घेतो. उमरीची आत बसायची. ही बाहेर जिन्याच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायची. आतलं संपायला तास जायचा आणि मग सर म्हणायचे, आज उशीर झाला, तुला पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारीही तेच. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत माझी पोरगी त्या पायरीवर बसत होती. तिच्यापासून चार हातांवर, गॅलरीत, अक्का बसलेली असायची.

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “मम्मी, तू डबा करताना गाणं म्हणायचीस.”

वडील बैलाला धरायचे तसा पंचा कुणीतरी माझ्या डोळ्यांवर धरायला पाहिजे होता, तर तो पोरीनं उलट माझ्याच सुखाभोवती धरून ठेवला होता.

पुढचं दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगला कळलं. नांदेडच्या नव्या क्लासला पहिल्याच वर्षी भिंती भरायला चेहरे हवे होते. सरांनी जाताना लातूरच्या वर्गातली निवडक पोरं उचलली. त्यांच्या आईबापांना सांगितलं होतं, कुठं बोलायचं नाही, बोललात तर तुमची जागा जाईल. वर्षाच्या अशा वेळी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, बाकीच्या पोरांना कोण नवे सर मिळणार, कधी मिळणार, याची कुणाला फिकीर नव्हती. मुरुडचीनं वरच्या मजल्यावरून सरांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि एकदाचं मन मोकळं केलं. मला ते जमलं नाही. सरांचा राग मला आला, पण तो दुकानदारावर येतो तसा. ते दुकानदारच होते. आम्ही त्यांना देव्हाऱ्यात बसवून रोज नैवेद्य दाखवत होतो, ते खाऊन ते पुढच्या बाजारात गेले. गरज सरो, वैद्य मरो.

पण अक्का? तिनं मला वेणी घातलेली होती. माझ्या मानेवर तिची बोटं होती, आणि केसानं गळा कापणं म्हणजे काय हे तोपर्यंत मी फक्त फळ्यावर लिहीत आले होते. सरांबरोबर जायचं तर जायचं, तिची पोरगी हुशार होती, कोणत्या आईनं संधी सोडली असती? तिनं मला येऊन सांगितलं असतं, बाई, मला जावं लागतंय, तर मी तिला रडत का होईना धपाटे दिलेच असते. पण ती गणपतीपासून दर रविवारी माझ्या मुलीला पायरीवर बसलेलं बघत होती आणि संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन आज सरांनी काय सुंदर समजावलं ते सांगत होती. मी पोरीला बोलले तेव्हाही ती तिथंच होती. एक वाक्य पुरलं असतं. तिनं शेंग फोडली.

मी फोन लावला. बरेच दिवस लावत राहिले. तिनं उचलला नाही, आणि मग एक दिवस तो लागणंच बंद झालं.

क्लासनं नवे सर आणले, ते बिचारे प्रामाणिक होते, पण सहामाहीचं बुडालेलं दोन महिन्यांत कोण भरून काढणार? माझी मुलगी अंधारात वाट काढावी तशी अभ्यास करत राहिली. परीक्षा झाली. डॉक्टरकीला लागतात तेवढे मार्क तिला पडले नाहीत. बाकीच्या विषयांत छान होती, भौतिकशास्त्रानं दगा दिला, असं आम्ही नातेवाइकांना सांगितलं. पुन्हा एक वर्ष बसायला ती तयार झाली नाही. म्हणाली, मला परत कुणाच्या जिन्यावर बसायचं नाही. नांदेडला नर्सिंगला गेली.

तिला सोडायला गेलो तेव्हा स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर तो फलक दिसला. केवढा मोठा. मधोमध सर, आणि त्यांच्या उजव्या बाजूला गुलाबी फेटा बांधलेली उमरीची पोरगी. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘डोळे दिपवणारे नेत्रदीपक यश’. एकाच ओळीत दोनदा तेच. मी पेपर तपासत असते तर लाल रेघ ओढली असती. माझ्या मुलीनं वर बघितलं आणि म्हणाली, “फेटा तिला छान दिसतोय.” तिच्या मनात खरंच काही नव्हतं. माझ्या होतं, आणि अजून आहे.

मागच्या महिन्यात अक्का आमच्या दारात उभी राहिली. हिमायतनगरला तिच्या पाहुण्यात लग्न होतं, तिथून विचारत विचारत घर शोधून आली होती. अंगानं सुटली होती, केसांना मेंदी लावली होती. मी या म्हटलं, दुसरं काय म्हणणार, दारात आलेल्या माणसाला. पाणी दिलं, चहा ठेवला. तिनं पिशवीतून माझा डबा काढला. माहेरचा, वडिलांचं नाव कोरलेला. सर जाण्याआधीच्या रविवारचा रिकामा, जो सरांकडून परत यायचा राहिला होता, तो. सरांच्या भांड्यांबरोबर तिनंच बांधून नेला असणार. नांदेडला गेल्यावरही बरेच दिवस सरांना डबा तिचाच जात होता, असं ती बोलण्याच्या ओघात म्हणून गेली. म्हणजे माझ्याच डब्यातून.

आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिनं तो पेढ्यांनी भरून आणला होता. पोरगी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षात गेली, म्हणाली. मी बरं झालं म्हटलं, आणि ते खरंच म्हटलं. त्या लेकराचा काय दोष.

अक्का बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. सर आता नांदेडलाही नाहीत, आणखी कुठल्याशा शहरात गेले, जाताना पुढच्या वर्षाची पोरं तशीच टाकून गेले. हे सांगताना तिच्या आवाजात राग होता, जणू काही ही गोष्ट तिला आत्ताच कळली. मग तिनं माझ्या मुलीची चौकशी केली. मी सांगितलं, दवाखान्यात ड्युटीवर आहे, शेवटचं वर्ष. चांगलं चाललंय. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “तवा माझे डोळे दिपले होते बाई. त्या माणसापुढं मला काईच दिसत न्हवतं. तुम्ही मनात ठेवू नका.”

इतक्या वर्षांत मी तिला काय काय म्हणायचं ते कितीदा मनात जुळवलं होतं. भांडी घासताना, बसमध्ये, देवापुढं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तिनं तो शब्द वापरला आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा बैल आला. भर रस्त्यात उभा राहिलेला, पुढं नाही की मागं नाही. तो दिपला होता, म्हणून त्याचं पाऊल उचलत नव्हतं. अक्काची पावलं मात्र बरोबर पडत होती. गाद्या बांधायच्या होत्या त्या बांधल्या, सासू आजारी पाडायची होती ती पाडली, शनिवारची गाडी गाठली. मी दिपले होते. मला मुलीचा उतरलेला चेहरा दिसला नाही, न वाढणारे मार्क दिसले ते तिच्या माथी मारले. दिपणं माझं होतं. ते ती माझ्याच घरात बसून माझ्याकडून मागत होती.

मी आवाज चढवला नाही. मी विचारलं, “अक्का, माझी पोरगी पायरीवर बसायची, ती तुम्हाला दिसायची का?”

गॅसवरचा चहा वर आला. मी उठले नाही. तिनं डब्यावरच्या नावाकडं बघितलं, बाहेर रस्त्याकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं ती आता नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर कदाचित मी तेही मानून घेतलं असतं.

“हाव,” ती हळूच म्हणाली. “रोज दिसायची.”

त्यानंतर ती फार वेळ थांबली नाही. चहा उतू गेला होता. मी तिला कुंकू लावलं, रीतीप्रमाणं. दारापर्यंत सोडायला गेले. फाटकापाशी ती वळली, बहुतेक मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी फाटकाची कडी लावली.

आत येऊन पेढे ताटात काढले आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकले. डबा घासून, पुसून फळीवर ठेवला. कुणी भांडं भरून दिलं, की आपणही त्यात काहीतरी घालून परत पाठवायचं असतं. पण डबा माझाच होता.